आईच्या पायांवर बसले तेव्हा

मला एका जागी बसता येत नाही. सत्यनारायणाची कथा संपेपर्यंत मी तीनदा उठते, आणि तिसऱ्यांदा उठताना मागून कोणीतरी हमखास म्हणतं, "ह्यांच्या पायाला भिंगरीच लागलीय." बसमध्ये मी उभी राहते आणि पोरंसोरं मला जागा देऊन माझा जीव खातात. म्हातारीला बसायचं नाही हे कोणाच्या डोक्यातच शिरत नाही.

दुखत नाही. दुखलं असतं तर सांगता तरी आलं असतं. मुंग्याही नव्हेत. पोटरीच्या आत, हाडाला लागून कोणीतरी सुतळी हळूहळू ओढतंय असं वाटतं. पाय झटकला की थांबतं, टेकवला की पुन्हा सुरू. दिवसा कमी, दिवे लागले की जास्त.

शेवटी सुनेनं हिमायतनगरच्या एका डॉक्टरकडे नेलं. माझ्या नातवाच्या वयाचा मुलगा. त्याला म्हटलं, हे वेड आहे का? तो म्हणाला, नाही आजी, आजार आहे, पुष्कळांना असतो. नेमकं कारण बऱ्याचदा सापडत नाही, पण शोधायचं. मग त्यानं विचारायला सुरुवात केली. चहा किती घेता? सर्दीच्या गोळ्या घेता का, काहींनी हे वाढतं. मूत्रपिंडाचा त्रास? मुलांच्या वेळी, दिवस गेलेले असताना व्हायचं का? झोप? मग म्हणाला, रक्तातलं लोह तपासू, बहुतेक तिथेच पाणी मुरतंय. आणि उठता उठता विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं?"

"आईला," मी म्हटलं.

त्यानं कागदावर एक शब्द लिहिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्याचं बरोबरच आहे, बाहेर वीस माणसं बसली होती. पण मला त्याचा राग आला. आईला होतं हे एका शब्दात मावणारं नाही.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. आम्ही सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत माडीवरच्या दोन खोल्यांत राहायचो. खाली घरमालक, म्हातारे हकीमसाहेब आणि त्यांची बायको. तिला मी खाला म्हणायची. वडील मराठी शाळेत मास्तर होते. देश स्वतंत्र झाला होता, आम्ही हैदराबादवाले झालो नव्हतो, आणि हे न समजल्यासारखं करून वडिलांनी शाळेच्या गच्चीवर तिरंगा लावला. संस्थानच्या पोलिसांनी त्यांना धरून नेलं. आई तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. भाऊ झाला तेव्हा बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं. सुईण म्हणाली, वाचली हेच खूप. वडिलांनी मुलाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

घरात मोठं माणूस म्हणजे आत्या, वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, त्यामुळे उपास, नेम, सोवळं ह्यांत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाई वाईट नव्हती. पापड-शेवया करून तिनंच आम्हाला त्या वर्षी जगवलं. पण प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडे एकच औषध असायचं, जेवण कमी करणं.

आषाढी एकादशीला आईनं नेम धरला. वडील सुटून येईपर्यंत एक वेळ जेवायचं आणि त्यांना आवडतं ते तोंडात घालायचं नाही. आता वडिलांना काय आवडायचं? माणूस खेड्यातला, हिरव्या पाल्यावर वाढलेला. अंबाडीची भाजी, मेथी, चाकवत, तिळाची चटणी, बाजरीची भाकरी, गुळाचा खडा. आईनं सगळं सोडलं. वडिलांच्या आवडीत नेमकं तेच होतं जे तिच्या अंगात उरलं नव्हतं. पानात राहिलं काय, तर भात आणि पातळ वरण, आणि अंगावर पिणारं आठ-नऊ महिन्यांचं पोर.

आणि चहा. उपासाला चहा चालतो हा शोध कोण्या पुण्यवंताने लावला त्याला माझा कोपरापासून नमस्कार. भूक लागली की चहा, चक्कर आली की चहा, जेवणावर पुन्हा चहा. डॉक्टरनं मला सांगितलं की जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तेव्हा मला आमच्या चुलीवरचं ते कायम उकळणारं काळं पातेलं दिसलं.

श्रावणाच्या सुरुवातीला तिचे पाय सुरू झाले. संध्याकाळी तांदूळ निवडायला बसली की पाय हलायचा. मग सूप बाजूला ठेवून ती उठायची, खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत, पुन्हा बसायची, पुन्हा उठायची.

"बसल्या जागी पाय हलवू नये वहिनी, घरातली लक्ष्मी निघून जाते," आत्या म्हणाली.

"मी हलवत नाही वन्सं. ते हलतात."

"ते म्हणजे कोण?"

आपलेच पाय परक्यासारखे वागतात हे सासरच्या माणसाला कसं समजावायचं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

त्या वर्षी कोणाचंच काही स्वस्थ नव्हतं, म्हणून आईचे पाय वेगळे असे कोणाच्या डोळ्यांवर आले नाहीत. रस्त्यावरून लॉऱ्या घोषणा देत जायच्या. लोक रातोरात बिऱ्हाड आवरून सोलापूरकडे निघून जायचे. नाकेबंदीमुळे मीठ मिळायचं नाही, औषध तर नाहीच. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मास्तरीणबाईंनी धसका घेतलाय, भीतीनं पाय थरथरतात. मलाही तेच वाटायचं आणि लाज वाटायची. वडील एवढे शूर आणि आई अशी! माझ्या वर्गातल्या मुलीला मी एकदा सांगितलंही, "आमची आई भित्री आहे." हे लिहिताना मला अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

भीती नव्हे तर वात, असं ठरलं तेव्हा तेल चोळून झालं. गुण नाही. मग आत्यानं शेवटचं कारण काढलं. देव परीक्षा घेतोय, नेमात कुठेतरी कमी पडतंय. म्हणून सोमवार निर्जळी झाला आणि शनिवारी एक वेळचं जेवणही गेलं. पाय जितके वळवळायचे तितकी आई कमी खायची आणि जितकं कमी खायची तितके पाय वळवळायचे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एका दुपारी खाला वर आली. आत्याला ते आवडायचं नाही, पण घरमालकीण, काय बोलणार? ती दारातच उभी राहिली.

"क्या मां मास्टरनी, शाम हुई की तुमारे पावां चलतेच रहते. नीचे छत पो धप-धप सुनते बैठतूं मैं."

आई ओशाळली. "माफ करा खाला. बसवतच नाही."

खालानं पुढं होऊन तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली, मग नखं पाहिली. "लहू का नाम नईं. कागद के सरका सफेद. मैं इनको बोलतूं."

तासाभरानं ती कागदाची पुडी घेऊन आली. हकीमसाहेबांनी दिलेला कुश्ता, म्हणजे लोखंडाचं भस्म, काळसर तांबडं, चिमूटभर मधातून रोज घ्यायचं. "पावां का इलाज नईं, लहू का है. लहू आया तो पावां भी चुप बैठते," असं हकीमसाहेबांचं म्हणणं तिनं सांगितलं आणि खाली गेली.

दोन पिढ्यांनंतर हिमायतनगरच्या डॉक्टरनं रक्ताची बाटलीभर तपासणी करून जे सांगितलं ते हकीमसाहेबांनी खालाच्या डोळ्यांनी पाहून सांगितलं होतं. पण साल कोणतं होतं! आत्या म्हणाली, "त्यांच्या घरचं? आणि आत्ता? काय घातलं असेल कोण जाणे." आमच्या वैद्यानंही लोहभस्मच दिलं असतं आणि आत्यानं ते डोळ्याला लावून घेतलं असतं. वैद्याचं लोखंड शुद्ध आणि हकिमाचं बाटलेलं. आईनं पुडीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नेमात कोणाच्याही हातचं चालत नव्हतंच. "टाकून ये गं," आत्या मला म्हणाली. मी मोरीत टाकली, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि विष टाकून घर वाचवल्यासारखी छाती काढून आत आले. दोन दिवसांनी खालानं जिन्यात विचारलं, "खाई क्या अम्मी?" मी म्हटलं, "हौ."

मग पारायण आलं. सात दिवसांत पोथी संपवायची, बसल्या जागेवरून उठायचं नाही, मध्ये दुसरा शब्द बोलायचा नाही. ते निर्विघ्न झालं की नवरा सुटतो, असं आत्याला कोणी सांगितलं होतं आणि आत्यानं आईला. आईनं ते असं धरलं की तिच्या लेखी तुरुंगाचं कुलूप आणि तिचं बसणं ह्यांत काही अंतरच उरलं नाही. ती बसली तर ते येतील. उठली तर नाही.

दिवसभर पोर आणि पापड, म्हणून ती दिवेलागणीला बसायची. नेमकी त्या पायांच्या सगळ्यांत वाईट वेळी, सगळ्यांत वाईट असं जे करायचं ते करायला. सकाळी बसली असती तर कदाचित निभावलं असतं. हे तेव्हा कोणाला माहीत असणार!

पहिलं पारायण दुसऱ्या दिवशी मोडलं. अर्ध्या अध्यायात ती ताडकन उठली आणि गॅलरीत गेली. आत्यानं फक्त दिव्याची वात सारखी केली. दुसरं चौथ्या दिवशी मोडलं. त्या दिवशी आई भिंतीवर पाय आपटत राहिली, आणि मग माझ्याकडे आली.

"तू किती जड आहेस गं?"

मला कळेना. तिनं समजावलं. ती पोथीसमोर पाय एका बाजूला मुडपून बसेल आणि मी तिच्या पोटऱ्यांवर बसायचं. दाबून. पोथी मिटेपर्यंत.

"मी ढकललं तरी उठू नकोस. चिमटा काढला तरी. मला तेव्हा कळत नसणार. तुझे बाबा तुझ्यावर आहेत, समजलीस?"

मला फार अभिमान वाटला. घरात इतकी माणसं बाबांसाठी झुरत होती, पण काम मला मिळालं होतं.

पहिले तीन दिवस जमलं. खाली तिचे पाय मासळीसारखे उसळायचे, मी आसन धरून बसायची. चौथ्या दिवशी तिनं चिमटा काढला. पाचव्या दिवशी वेणी ओढली. तोंडानं पोथी चालू, ओवीमागून ओवी, आवाज जरासाही हलायचा नाही, आणि हात मात्र माझ्याशी भांडायचा. सहाव्या दिवशी मी रडले, पण उठले नाही. रात्री तिनं माझ्या दंडावरच्या वळाला तूप लावलं आणि म्हणाली, "शहाणी माझी बाई."

सातव्या दिवशी अध्याय मोठा होता. बाळ झोळीत रडत होतं, आत्या झोका देत होती. आईच्या कपाळावरून घाम गळत होता. तिनं मला ढकललं नाही, चिमटाही काढला नाही. तिचा हात माझ्या गालावरून फिरला, मग खाली आला, आणि तिनं माझ्या पायाला हात लावला. आईनं, माझ्या. एकदा लावला, कपाळाला नेला, पुन्हा लावला. तोंडानं देवाचं चालू होतं आणि हातानं ती मला विनवत होती की ऊठ.

मी उठले नाही. सगळा जोर लावून बसून राहिले.

पोथी पुरी झाली. आत्यानं आईला नमस्कार केला, वयानं मोठी असून. आई उठली ती पडली, मग भिंतीला धरून चालू लागली, आणि बाळ झोपेपर्यंत चालत होती. मी जिंकले होते, तरी मला आईकडे बघवेना.

पुढच्या महिन्यात पोलीस ॲक्शन झाली, भारताचं सैन्य आलं. चार-पाच दिवसांत राज्य बदललं. भीतीनंही घर बदललं, माडीवरून खाली उतरली. खालाचं दार आठ दिवस बंद होतं, आणि आई रोज पाण्याची घागर तिच्या उंबऱ्याशी ठेवून यायची. आत्यानंही तिला अडवलं नाही. काही दिवसांनी कैदी सुटायला लागले. एका दुपारी वडील जिना चढून आले, वाळलेले, दाढी वाढलेली. त्यांनी आधी बाळ उचललं. बाळानं भोकाड पसरलं.

गल्लीतल्या बायका आईच्या पाया पडायला आल्या. पारायणाचं फळ! त्या पायांवर डोकी टेकत होती आणि आई ते मागं मागं घेत होती. मी कोपऱ्यात उभी होते. नेम सुटला, अंबाडीची भाजी झाली, सगळे हसले. पण पाय लगेच कुठले थांबतात?

वडिलांना बोलायचं होतं. वर्षभराचं साचलेलं. संध्याकाळी ते सतरंजी टाकायचे आणि म्हणायचे, "बस ना जरा." आई बसायची, ते एक गोष्ट सुरू करायचे, आणि गोष्ट मध्यावर आली की ती उठून गॅलरीत. मग चुलीशी. मग पुन्हा गॅलरीत. पहिल्या दिवशी ते थांबले, दुसऱ्या दिवशी गप्प झाले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना आत्याला विचारताना ऐकलं, "ती माझ्यावर रागावलीय का गं, अक्का? रागावायला कारण आहेच म्हणा. अशा अवस्थेत टाकून गेलो." आत्या म्हणाली, "छे, धसका आहे तो." वडिलांचा चेहरा उतरला. आपली बायको आपल्याजवळ दोन घटका बसू शकत नाही, तेही आपल्यामुळे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. त्यांनी सतरंजी टाकणं बंद केलं. ते एकटे खिडकीशी बसायला लागले. मला वाटलं, आता हे पुन्हा जातील, ह्या खेपेला कोणी न पकडताच.

पाचव्या की सहाव्या संध्याकाळी ते एकदम बोलले. मोठ्यानं नाही.

"तुला मी नकोसा झालो असेन तर सांग. पण असं माझ्यापासून पळू नकोस."

आई दारात होती. ती रडायला लागली. "तुमच्यापासून नाही हो पळत. पाय. माझे पाय बसू देत नाहीत. देवाशपथ, मी भित्री नाही, मी रागावले नाही, नुसते पाय आहेत."

वडिलांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "चाललं की बरं वाटतं?"

आईनं डोळे पुसले. "हो."

"लगेच?"

"हो."

"मग बसतेस कशाला?" ते म्हणाले, आणि चपला शोधायला लागले. "आत बसून बसून माझेही पाय मेलेत. चल."

हा प्रश्न तिला त्या वर्षात एकानंही विचारला नव्हता. आत्यानं नाही, गल्लीनं नाही. मीही नाही. मी तर सात दिवस त्या पायांवर बसले होते.

ते दोघं खाली उतरले. आमच्या गल्लीत तोवर नवराबायको कामाशिवाय शेजारी शेजारी चाललेली कोणी पाहिली नव्हती. आत्यानं कपाळाला हात लावला. दुकानदार माना वळवून बघत होते. ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि वळून आले. दाराशी येऊन पुन्हा गेले. वडील हातवारे करून काहीतरी सांगत होते. तुरुंगातलंच असणार, मध्यावर अडकलेल्या गोष्टी. आई पदर सावरत भराभर चालत होती आणि मध्येच हसली. ते हसू मला वरपर्यंत ऐकू आलं.

तिसऱ्या फेरीला तिनं वर पाहिलं. मी गॅलरीत कठडा धरून उभी होते. "ये ना गं खाली," तिनं हाक मारली. "चल आमच्याबरोबर."

तिनं माझ्या पायाला लावलेला हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी मान हलवून नाही म्हटलं आणि आत जाऊन बसले. ती पुढे वीस वर्षं जगली, रोज संध्याकाळी चालली, पण मला माफ कर असं मी तिला एकदाही म्हणू शकले नाही. त्या संध्याकाळी खाली उतरले असते तर म्हणावंच लागलं नसतं.